मारबतीच्या सकाळी जानू जे म्हनली

पळसाच्या फांद्या दिसल्या की मले आता धाप लागते. काल समोरच्या रेखाकाकूच्या मालकानं सायकलच्या क्यारेजले बांधून आनल्या, मोठमोठी वल्ली पानं, रस्त्यानं घासत चाललेली, अन् मी पान्याचा गुंड घासता घासता उठून उभीच राह्यली. काऊन उठली ते माहं मलेच समजलं नाई. हातची राख तशीच. पोळा आला, एवढंच डोक्यात वाजलं. आला, आला.

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे दाराच्या दोन्ही बाजूले ह्या फांद्या ठेवतेत. घरातली सारी पीडा त्या वढून घेतेत म्हनते, अन् दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सारे लहान-मोठे त्या उचलून गावाच्या शिवेवर नेतेत अन् फेकून देतेत. नेता नेता ओरडाचं असते. घरात जे जे नको, त्याचं नाव घेऊन ओरडाचं. खोकला घेऊन जा गे मारबत. ढेकून-मच्छर घेऊन जा गे मारबत. ताप-हिवताप घेऊन जा गे मारबत. ही मारबत कोन, कशी दिसते, कुठी राह्यते, मले माहीत नाई. मी आठवी शिकली, पुस्तकात तिच्यावर काई धडा नव्हता. येते अन् नेते, एवढं माहीत.

असं पाह्यलं तर हे दिवस किती चांगले असतेत. पाऊस दम खाऊन खाऊन येते. कपाशीच्या पऱ्हाटीले फुलं लागलेले, आज पिवळसर अन् उद्या तेच गुलाबी. सोयाबीनच्या शेंगा भरल्या की वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, कसातरी गोड-हिरवा वास येते, मी लहानपनी माहेरी हिंगनीले असताना तो वास आला की मले वाटे आता सनच सन. आता तोच वास नाकात गेला की पोटात गोळा येते. पोटात गोळा येते म्हटलं अन् हात पोटावर गेला, पाह्यलं? कारन पोटात हाय. पुन्हा हाय. मले अन् जानूच्या बाबाले माहीत, दवाखान्यातल्या बाईले अन् शाळेत येते त्या मॅडमले माहीत. अजून कोनाले सांगतलं नाई.

अन् जानूले सांगाचं हाय. माही जानू, जान्हवी, यंदा तिसरीत गेली. शाळेतली मॅडम म्हनली का तिले पह्यले तुमच्या तोंडून कळू द्या, गावाच्या तोंडून नको. रोज सकाळी ठरवतो आज सांगीन, अन् रोज गिळून टाकतो. सांगतलं, अन् मागच्या खेपेसारकं झालं, तर पोरगी पुन्हा मुकी होईन, अन् या खेपेले कायमचीच होईन. नाई सांगतलं, अन् नळावर कोन्या बाईनं तिले ऐकवलं, तर मंग मीच तिच्यापासून लपवलं असं होईन. इकडून आड अन् तिकडून विहीर. अन् मधात ह्या फांद्या चालल्या रस्त्यानं घासत.

मागच्या साली मारबतीच्या सकाळी मी दारात उभी होती. तवाबी मले दिवस गेले होते. पोट काई दिसत नव्हतं, पन साऱ्या गल्लीले माहीत होतं, कारन माह्या सासूच्या पोटात गोष्ट राह्यत नाई. मी तिले मामी म्हनतो. मामी म्हने, "तू जाऊ नको शिवेवर, दारातूनच पाह्य." मी पाहून राह्यली होती. चिखल, झुंजुमुंजू उजेड, चुलीचा धूर खाली बसलेला, अन् पोट्टे फांद्या घासत पळून राह्यले. जिच्या मनात जे येईन ते ओरडे. रेखाकाकू वट्ट्यावर उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हने, "माह्या बुढ्याचं घोरनं घेऊन जा गे मारबत!" तर घरातून काका, "अन् हिची कटकट कोन नेईन वं? तिच्यासाठी ट्रक आना मनाव!" सारी गल्ली हासली. मीबी हासली, पोट धरून हासली.

जानू त्या पोट्ट्यायच्या मधात होती. केस नाई विंचरले, तिच्यापेक्षा फांदी मोठी, अन् तोंड एवढं उघडं का पडजीभ दिसत होती. काईतरी जोऱ्यानं ओरडे. कल्ल्यात काय ओरडली ते मले ऐकू आलं नाई. मी तिच्याकडे पाहून हात हालवला. तिनं मले पाह्यलं, अन् मंग ते वळली अन् पळाली.

गनपती बसले होते तवा माह्या पोटात दुखाले लागलं. जास्त लिहवत नाई. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीन बाई भली होती, हात धरून म्हनली का बाळाचं वाढनं बरंच आधी थांबलं होतं, पोळ्याच्याबी आधी, तुमच्या आतून कळलं उशिरा, कोनाच्या काई करन्यानं हे होत नाई, किती बायायले होते. मी मान हालवली. मान हालवनं अन् समजनं वेगळं असते.

घरी आली तर जानू दाराच्या चौकटीले चिकटून उभी. जवळ आली नाई. मी म्हटलं, "ये न वं माय," तर ते माह्या पोटाकडे पाहे, तोंडाकडे पाहेच नाई. मामीनं तिले सांगून ठेवलं होतं का बाळाले देव घेऊन गेला. लेकराले अजून काय सांगाचं? आमच्यात असंच सांगतेत. मलेबी लहानपनी असंच सांगत.

त्यानंतर तिचं बोलनं कमी झालं. म्हनजे आधी कशी होती ते सांगतो. जानूचे बाबा जाम गावच्या चौकात टायरच्या दुकानावर राह्यतेत, सांजेले घरी आले का पह्यले म्हनत, "रेडिओ चालू झाला का बंद हाय?" कारन शाळेतून आल्यापासून ते बडबड करे. सरायनं काय म्हटलं, कोनाचा डबा सांडला, कोनत्या कुत्रीले किती पिल्लं झाले, सारं. मी कधी कधी म्हनो, "थांब वं बाई, कान दुखले माहे." अन् आता रेडिओ बंद. पह्यले शाळेत बंद झाला. मंग गल्लीत. मंग घरात. आखरी मले तेवढं कानात बोले, तहान लागली, झोप आली, एवढंच, तोंडापुढे हात धरून, जसं काई तोंडातून काई सांडून जाईन.

मामीनं मीठ-मिरच्या उतरवल्या. मंग कोन्या बाईनं सांगतलं का पोपटाचा उष्टा पेरू चारा, जीभ सुटते. आता पोपट कोनाच्या सांगन्यानं पेरू खाते का? मामी पेरूच्या झाडाखाली जाऊन बसली, शेजारचे पोट्टे हासले, पन तिनं आनला, चोचीचा खड्डा पडलेला. जानूनं खाल्ला. सारा खाल्ला, बियासकट. बोलली नाई. मामी तिच्या तोंडाकडे पाहत बसली, अन् मंग पदर डोळ्याले लावून आत गेली. तवा मले मामीचा राग आलता, आता येत नाई. ते बिचारी पेरू घेऊन आली. माह्या हातात तर काईच नव्हतं.

मंग शाळेतून सरायचा फोन आला. सर भले हायेत, पन फोनवर त्यायचा आवाज मोठा. म्हने, "जान्हवी हजेरी देत नाही, नाव घेतलं की नुसता हात वर करते. कविता म्हणत नाही. उद्या या तुम्ही, आपल्या शाळेत आता एक मॅडम येतात आठवड्यातून एकदा, मुलांशी बोलायला. समुपदेशक." हा शब्द मी पह्यल्यांदा ऐकला. कागदावर लिहून घेतला असता तरी मले वाचता आला नसता. मी रेखाकाकूले इचारलं. रेखाकाकूच्या किराना दुकानात साऱ्या दुनियेची खबर असते.

"अवं, ते डोक्याची मॅडम हाय ते," काकू म्हने.

"डोक्याची म्हनजे?"

"म्हनजे ज्याचं डोकं सटकलं त्याले पाह्यते. माह्या भाचीच्या शाळेत होती अशी. बाप्पा, तिथी नाव गेलं न एकदा, का मंग निघत नाई म्हन. दाखल्यावर लिहतेत."

काकूच्या मनात वाईट नव्हतं. भेव काकूलेबी होतं, तिनं मले उलीसं, चमचाभर देल्लं, जसं लोक दह्याले इरजन देतेत. अन् माह्यात ते रातभर लागलं. सकाळपर्यंत माही पोरगी पागल झालती, शाळेतून काढलती, तिचं लगन मोडलतं. सातवं सरलं नाई पोट्टीचं अन् मी तिचं लगन मोडून बसली.

मॅडमले बसाले खोली नव्हती. पोषन आहाराचे तांदुळ ठेवतेत त्या खोलीत तिनं एक सतरंजी टाकली होती. एका बाजूले तांदळाचे पोते, एका बाजूले पान्याचा मोठा गंज, भिताडीले टेकवलेली तुटकी फळी, अन् सारीकडे तांदळाचा कोंदट वास. मॅडम लहानशी पोट्टीच दिसे, माह्याच वयाची असन, पायात साधी चप्पल. मले वाटलं होतं पांढरा कोट राहीन. मी पोत्यावर बसली अन् श्वास न घेता सारं बोलून टाकलं, मॅडम माही पोरगी पागल नाई, ते हुशार हाय, पाढे येतेत तिले, तिचं नाव नका लिहू, मी तिले मारत नाई, कधी एखांदी चापट, पन मारत नाई, तिच्या बाबाले दारू नाई, आमी चांगले लोक हाव. मॅडमनं मधात एकदाबी थांबवलं नाई. माहं बोलनं सरलं तवा गंजावरचं झाकन काढून तिनं मले पानी देल्लं. मंग म्हनली, "दाखल्यावर मी काही लिहीत नाही. कोणाचंच नाही. पागल कोणी म्हटलं?"

"लोक म्हनतेत."

"लोकायचं काय, लोक तर मलेबी म्हनतेत," ते हासली. बोलता बोलता तिची पुस्तकी भाषा सुटून गेली, अन् माही छाती उलीशी खाली बसली. हिंगनघाटकडची निघाली ते.

मी म्हटलं, "मंग तुमी तिले बोलती करसान का?"

"मले नाई माहीत," मॅडम म्हने. "मी तिच्यासोबत बसतो. खेळतो. पाहू."

मले त्या दिवशी खोटं नाई बोलत, रागच आला. एवढं भेऊन भेऊन आली मी, अन् ही मॅडम गोळी देत नाई, दोरा देत नाई, खेळतो म्हनते. खेळाले तर गल्लीत पोट्टे कमी हायेत का? पन जानू त्या दिवसापासून मॅडम येन्याच्या वारी स्वताहून लौकर उठे. वेनी घालून घे. मी एकदा खिडकीतून चोरून पाह्यलं. दोघी मातीच्या पोळ्या लाटून राह्यल्या होत्या. बोलनं काई नाई. मॅडम एक लाटे, जानू एक लाटे. मी घरी येऊन जानूच्या बाबाले म्हटलं, "सरकार त्या मॅडमले पोळ्या लाटाचा पगार देते." ते म्हने, "तू चूप बस न, पोरगी लवकर उठून राह्यली हे दिसत नाई का तुले?"

दिसत होतं. पन माह्यात भेव होतं न, भेवाले दिसते कमी.

पऱ्हाटी फुटून वेचनी चालू झाली होती, मी कापूस वेचाले जात होती, बोटायले बोंडाच्या टोकायनं चिरा पडलेल्या. अशात मॅडमनं निरोप पाठवला का या खेपेले तुमीबी येजा, जानूनं बोलावलं हाय. जानूनं? ते तर बोलत नाई. मी कामावरूनच गेली, डोक्यावर फडकं तसंच. मॅडम दारातच म्हनली, "तिनं मले खेळून दाखवलं. मी इचारलं, मायले दाखवतो का. तिनं मान हालवली. तुमी फक्त पाहा. मधात बोलू नका, रडू आलं तर रडा, पन तिले रागावू नका."

काय दाखवन? कोनी काई केलं का माह्या पोरीले? कोनी हात लावला का? पोत्यावर बसेपर्यंत मी साऱ्या गावातले मानसं डोळ्यापुढून नेले.

जानूनं सतरंजीवर मातीचं घर केलं. दारात एक बाई ठेवली. बाईच्या पोटावर एक गोळी चिटकवली, नीट, बोटानं दाबून दाबून. मंग रस्त्यावर बारके बारके पोट्टे ठेवले, हातात पानाचे देठ. त्याच्यातली एक पोट्टी उचलली. तिच्या तोंडाच्या जागी नखानं खड्डा केला. मंग त्या बाईकडे गेली, पोटावरची गोळी काढली, अन् खोलीच्या पार त्या कोपऱ्यात, पोत्याच्या मागं नेऊन ठेवली. वापस आली. अन् त्या मातीच्या पोट्टीचं तोंड दोन बोटानं चिमटून बंद केलं. दाबून बंद केलं, माती चपटी झाली.

मॅडम हळूच म्हनली, "इनं काय केलं?"

अन् जानू बोलली. एवढ्या दिवसायनं मी तिचा खरा आवाज ऐकला, कानात नाई, मोकळा. घोगरा झालता.

"इनं म्हटलं."

"काय म्हटलं?"

"मायच्या पोटातलं घेऊन जा गे मारबत."

कोनाले सांगू, त्या टायमाले माह्यात काय झालं. पापनी लवते तेवढा वेळ, फक्त तेवढाच, माह्या मनात आलं का, हिच्या म्हनन्यानंच तर नाई झालं? डॉक्टरीन बाईचं सारं उडून गेलं, मी शिकलेली आठवी उडून गेली, अन् मारबतीची ते सकाळ, ते उघडं तोंड, तेवढंच राह्यलं. अन् जानू माह्या तोंडाकडेच पाहून राह्यली होती. घरी आल्यापासून पह्यल्यांदा तोंडाकडे. तिले तेच पाहाचं होतं, मायच्या तोंडावर काय येते ते.

मी सतरंजीवर बसली. गुडघ्यावर रांगत गेली म्हना. म्हटलं, "नाई वं माय. नाई." मॅडम म्हनली, "डॉक्टरनं तुमाले काय सांगतलं होतं, ते जानूले सांगा. जसं सांगतलं तसंच." मंग मी सांगतलं. का बाळ पोळ्याच्या आधीच थांबलं होतं. तू फांदी उचलली त्याच्या आधी. माह्या पोटातल्या पोटात, मलेबी न सांगता. कोनी नेलं नाई. देवानंबी नाई अन् मारबतीनंबी नाई. सांगता सांगता मले समजलं का हे मीबी पह्यल्यांदाच ऐकून राह्यली हाव. दवाखान्यात ऐकलं होतं ते कानानं.

"तू काऊन म्हटलं असं?" मॅडमनं इचारलं, रागानं नाई, जसं भाजी कोनती केली इचारावं तसं.

जानू मातीशी खेळत म्हने, "रेखाआजी म्हने, भाऊ आला का तुले हिंगनीले मामाकडे धाडते तुही माय. तिथीच राह्यजो म्हने. तुह्या मायले आता तुह्यं काम नाई."

घ्या. माही रेखाकाकू ते हिची रेखाआजी, अन् साऱ्या गल्लीत लेकरायची अशीच मजाक करतेत. मीबी करतो. रेखाकाकूच्या पोरीच्या पोट्ट्याले मी म्हनत नाई का, तुले बोहारनीकडून चिंध्यावर घेतला म्हून? ते पोट्टं हासते अन् आमी हासतो. कोनतं पोट्टं हासून घरी जाते अन् कोनतं ते मजाक घेऊन झोपते, कोन पाह्यते?

मी तवापासून आमच्या बोलन्यावर ध्यान देत असतो. आमच्या घरात दिवसभर मरनाच्याच गोष्टी. दूध उतू गेलं का, मेल्ये लक्ष कुठी होतं. बकरी आंगनात आली का, मुडदा बसवला तिचा. मामी तर म्हनते का शिवी देल्ली का आयुष्य वाढते, म्हून बिंधास देजा. मंग शिवीनं आयुष्य वाढते अन् ओरडन्यानं जाते, असं कसं? एक कोनतं तरी खोटं हाय. का दोन्ही खोटं हाय. मी असा विचार करत करत निंदन करतो, अन् बाजूची बाई म्हनते, "काऊन वं, पऱ्हाटी निंदून राह्यली का गवत ठेवून राह्यली?"

तांदळाच्या खोलीतून बाहेर आलो अन् जानू बडबड करू लागली, असं नाई झालं. लोकायले वाटते चाबी फिरवली का रेडिओ चालू. पह्यले ते खिचडीवाल्या बाईले बोलली, "अजून वाढा," एवढंच. मंग एक दिवस हजेरीले "हजर" म्हनली, अन् सरायले एवढा आनंद झाला का त्यायनं साऱ्या वर्गाले टाळ्या वाजवाले लावल्या. झालं. जानू बाकाखाली जाऊन बसली अन् संक्रांतीपर्यंत पुन्हा हातच वर करे. मॅडमनं सरायले समजावून सांगतलं, सर तिच्यापुढे मान खाली घालून उभे, "मला वाटलं प्रोत्साहन." मले त्या दिवशी सरायची दया आली. त्यायनं टाळ्याच वाजवल्या होत्या न.

आता जानू बोलते. पह्यल्यासारकी नाई. बोलाच्या आधी उलीसं थांबते, जसं नाल्यातून जाताना पाय टाकाच्या आधी काडीनं पाह्यतेत, तसं.

यंदा मॅडमकडे शाळा वाढल्या, ते आधीसारकी येत नाई. मी तिले गाठून माह्या पोटाचं सांगतलं अन् म्हटलं, "तुमीच सांगा न जानूले. तुमाले येते सांगता." मॅडमनं नाई म्हटलं. "मी शाळेतली बाई हाव, ताई. घरी तुमच्यासोबत ते राह्यते."

"अन् या खेपेलेबी काई झालं तर?"

मॅडमनं खोटा धीर देल्ला नाई. म्हनली, "झालं तर ते दुःख होईन. पन ते तिच्यामुळे झालं असं तिले वाटू नये, एवढं आपल्या हातात हाय."

एवढंच हातात हाय. एवढ्याशा हातात किती जड गोष्ट ठेवतेत लोक.

एवढं सकाळी लिहून ठेवलं, अन् आज दुपारी सांगतलं. पोळ्याचा आदला दिवस, मामी खांदमळनीसाठी हळद-लोनी घेऊन बैलाजवळ गेलती, जानूचे बाबा दुकानावर. आमी दोघी वट्ट्यावर चिकनमातीचे बैल करून राह्यलो होतो. मी बैलाचं शिंग करत होती, ते माह्या हातानं सरकं होईचना. मी म्हटलं, "जानू, माह्या पोटात बाळ हाय." एका दमात म्हटलं. दम संपला, अन् मंग पुढं काई म्हनाले हवाच राह्यली नाई.

जानू थांबली. ते तिचं थांबनं. हातातला मातीचा गोळा तसाच. मी तिच्या ओठाकडे पाहून राह्यली. मले गल्लीतला एकबी आवाज येत नव्हता.

"मले हिंगनीले धाडते?"

"नाई."

"कधीच?"

"दिवाळीले जाऊ, सारे जाऊ, वापस येऊ."

"मंग पान्याचा गुंड काऊन उचलून राह्यली तू सकाळी? मॅडम म्हनली होती मायले आराम पायजे."

"मॅडम तवाचं, मागच्या सालचं म्हनली होती वं."

"तवाचं अन् आताचं काय? पोट तेच हाय न?"

जानू उठली, मातीचे हात फ्राकले पुसले, माह्यासमोर गुडघ्यावर बसली अन् माह्या पोटाशी तोंड आनलं, जसं कोनी झोपलेल्या मानसाले उठवते तसं. अन् जोऱ्यानं म्हने, "आयक. माह्या मायच्या बाजूले मी झोपतो. तू तिकडून आजीजवळ झोपजो. मले तरास देल्ला न, तर येऊच नको!"

येऊच नको.

माहा हात उठला. माह्या मनानं नाई, हातानंच उचलला स्वताले, तिच्या तोंडावर ठेवाले. तोंडात "थू थू" आलं होतं, जिभेवर आलं होतं. अन् जानूनं मान वर केली अन् माह्या हाताकडे पाह्यलं. त्या तांदळाच्या खोलीत माह्या तोंडाकडे पाह्यलं होतं तसंच.

मी तो हात कसा खाली आनला ते माहं मले माहीत. आनला अन् तिच्या केसावरून फिरवला, माती लागली केसाले. म्हटलं, "अजून काय सांगाचं हाय त्याले?"

तिनं विचार केला. "माह्या कंपासले हात नाई लावाचा."

"जोऱ्यानं सांग. आत ऐकू गेलं पायजे."

"माह्या कंपासले हात नाई लावाचा!" ते एवढी ओरडली का समोरच्या दुकानातून रेखाकाकू बाहेर आली, हातात तराजूचं पारडं तसंच.

"काऊन वं, कोनावर कल्ला करून राह्यली हे पोट्टी?"

गावात कोनाले सांगतलं नव्हतं. अजून टाइम व्हाचा होता, नजर लागते, लपवून ठेवाचं असते, मले सारं माहीत होतं. मी जानूकडे पाह्यलं. तिचं तोंड अजून उघडंच होतं.

"काई नाई, काकू," मी म्हटलं. "लेकरायचं भांडन हाय. दोघायचं."